कार्यालयाचा ईमेल आणि फोनचे कुलूप

घराबाहेर पडताना दाराला कुलूप लावावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. तिजोरीची किल्ली कमरेला खोचून वावरणाऱ्या गृहिणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेल्या. खिशातल्या फोनला कुलूप लावण्याची सवय मात्र अनेकांना आपणहून लागलेली नाही. नोकरदारांपैकी बऱ्याच जणांना ती त्यांच्या कार्यालयाने लावली.

हा अनुभव आता बेंगळुरूपासून गुरुग्रामपर्यंत आणि बडोद्यापासून इंदूरपर्यंत सर्वत्र सारखाच आहे. नव्या नोकरीत रुजू झालेली व्यक्ती कार्यालयाचा ईमेल स्वतःच्या फोनवर घेऊ पाहते. नाव आणि पासवर्ड दिल्यावर पत्रे दिसू लागतील, अशी अपेक्षा असते. त्याऐवजी पडद्यावर एक सूचना उमटते : या फोनला सुरक्षा धोरण लागू करावे लागेल. पुढे अधिकारांची एक यादी येते. पडद्याच्या पासवर्डसाठी नियम ठरवणे, कुलूप उघडण्याच्या प्रयत्नांवर लक्ष ठेवणे, पडदा बंद करणे, आणि त्याच यादीत फोनमधील सर्व माहिती पुसून टाकणे. खाली 'सक्रिय करा' असे बटण असते. घाईत असलेला माणूस ते दाबतो. त्या क्षणापासून त्याचा फोन दर वेळी सहा आकडी पिन मागू लागतो. पिन काढून टाकावा म्हणून सेटिंगमध्ये जावे, तर तो पर्याय करडा झालेला असतो आणि 'प्रशासकाने बंद केले आहे' असे उत्तर मिळते.

फोन स्वतःच्या पैशाने घेतलेला, त्याचे बिल स्वतः भरलेले, आणि त्यावर नियम मात्र दुसऱ्याचा. यातून उद्भवणारा त्रागा समजण्याजोगा आहे. पण ही अट कशासाठी असते, ती कोणाचे रक्षण करते आणि तिच्या बदल्यात आपण कोणता अधिकार दुसऱ्याच्या हाती देतो, हे समजून घेतल्याशिवाय तिला नुसते नाव ठेवणे किंवा मुकाट्याने मान्य करणे, दोन्ही योग्य नव्हे.

अट आली कोठून?

फोनवर कार्यालयाचे पत्र पोहोचवण्याची कल्पना प्रथम रुजवली ती कॅनडातील वॉटरलू येथील 'रिसर्च इन मोशन' या कंपनीने. तिचे ब्लॅकबेरी हे उपकरण १९९९ मध्ये बाजारात आले. त्या काळी असे फोन कंपन्या स्वतः विकत घेऊन अधिकाऱ्यांना देत. फोन कंपनीचा, पत्रे कंपनीची, तेव्हा कुलपाचा नियमही कंपनीचा. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. कंपनीच्या सर्व्हरवरून पासवर्डची सक्ती करता येई आणि हरवलेला फोन दुरूनच पुसून टाकता येई.

पुढचे पाऊल मायक्रोसॉफ्टने टाकले. २००५ मध्ये एक्स्चेंज सर्व्हर २००३ साठी दुसरा सर्व्हिस पॅक प्रसिद्ध झाला. एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक या पद्धतीतून फोनवर पत्रे तत्काळ पोहोचवणे, पासवर्ड बंधनकारक करणे आणि फोन दुरून पुसणे या सोयी त्यात मिळाल्या. २००७ च्या आवृत्तीत धोरणांची यादी आणखी विस्तृत झाली.

यानंतर परिस्थिती बदलली ती फोनच्या मालकीमुळे. जुलै २००८ मध्ये आयफोनच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रणालीत आणि मे २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीत ही धोरणे पाळण्याची क्षमता आली. लोक स्वतःच्या पसंतीचे फोन घेऊन कार्यालयात येऊ लागले आणि त्यांवरच पत्रे मागू लागले. कंपन्यांनाही फोनचा खर्च वाचल्याचे समाधान होते. फोनचा मालक बदलला, पण कंपनीच्या फोनसाठी तयार झालेले नियम तसेच पुढे चालू राहिले. आजच्या तक्रारीचे मूळ या ठिकाणी आहे.

नियम कसा लागू होतो?

या व्यवस्थेचे काम समजायला अवघड नाही. फोन पत्रे मागण्यासाठी सर्व्हरकडे जातो. सर्व्हर त्याला आधी नियमांची प्रत देतो : पासवर्ड हवा की नको, किमान किती अक्षरांचा, आकडे पुरेत की अक्षरेही हवीत, किती मिनिटे फोन वापरला नाही तर पडदा बंद व्हावा, किती चुकीच्या प्रयत्नांनंतर माहिती पुसली जावी, फोनमधील साठा सांकेतिक स्वरूपात ठेवला आहे की नाही. ॲक्टिव्हसिंकमध्ये चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ४ ते १६ आणि पडदा बंद होण्याचा काळ १ ते ६० मिनिटे असा ठरवता येतो. फोन या अटी मालकापुढे ठेवतो, त्या लागू करतो आणि 'नियम मान्य केले' अशी पावती सर्व्हरला धाडतो. पावती पोहोचली की पत्रे सुरू होतात. एकाच फोनवर दोन संस्थांचे ईमेल असतील तर दोघांपैकी कडक नियम लागू होतो, आणि तो केवळ पत्रांना नव्हे तर संपूर्ण फोनला लागू होतो.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. नियम सर्व्हर सांगतो. पाळतो मात्र फोन. आपण नियम पाळला, ही फोनने दिलेली ग्वाहीच सर्व्हर खरी मानतो. ही ग्वाही नेहमीच खरी असते असे नाही, याचे प्रत्यंतर २००९ मध्ये आले. आयफोनच्या सुरुवातीच्या दोन पिढ्यांमध्ये साठा सांकेतिक करण्याची सोय यंत्रातच नव्हती; तरीही ती अट घालणाऱ्या सर्व्हरशी ते फोन बिनदिक्कत जोडले जात होते. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या ३.१ या आवृत्तीने ही चूक सुधारली. परिणामी त्या दिवसापर्यंत सुरळीत मिळणारी कार्यालयीन पत्रे अनेक जुन्या फोनवर एकाएकी बंद झाली. वापरणाऱ्यांना तो नव्या आवृत्तीचा दोष वाटला. वस्तुतः फोन प्रथमच खरे बोलू लागला होता.

कुलूप राखते तरी काय?

'माझ्या पत्रांत गुप्त असे काय आहे?' हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. उत्तर असे की ईमेलचे मोल त्यातील मजकुरापुरते नसते. बहुतेक सेवांचा विसरलेला पासवर्ड ईमेलवरूनच बदलून मिळतो. म्हणजे ज्याच्या हाती उघडा ईमेल, त्याच्या हाती इतर अनेक दारांच्या किल्ल्या. त्यातच त्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो, घराचा पत्ता आणि आप्तांचे क्रमांक असतात, आधार आणि पॅन यांची छायाचित्रे असतात. कार्यालयाच्या बाजूने पाहिले तर ग्राहकांच्या याद्या, वेतनपत्रके, निविदांचे दर, रुग्णांचे अहवाल अशी दुसऱ्यांची माहिती त्या पत्रांतून वाहत असते. ज्यांची ती माहिती आहे, त्यांना आपला विदा कोणाच्या खिशात फिरतो आहे याची कल्पनाही नसते.

कुलपाचे काम केवळ पडदा अडवण्याचे नाही. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये साठवलेली माहिती सांकेतिक रूपात असते, आणि ती उलगडण्याच्या किल्लीत मालकाचा पिन किंवा पासवर्ड गुंफलेला असतो. आयफोनमध्ये अशी पद्धत २०१० पासून आहे. पिनच ठेवला नाही तर ही सारी व्यवस्था दार उघडे ठेवून तिजोरी विकत घेतल्यासारखी होते.

चार आकडे की सहा?

चार आकड्यांचे पिन एकूण १०,००० होतात आणि सहा आकड्यांचे १० लाख. चोराला दहाच प्रयत्न मिळाले तर यदृच्छेने निवडलेला चार आकडी पिन सापडण्याची शक्यता हजारात एक आणि सहा आकडीची लाखात एक. दोन आकडे वाढवल्याने सुरक्षितता शंभरपट होते. ॲपलने २०१५ पासून नव्या आयफोनमध्ये सहा आकडी पिन ही प्राथमिक पसंती केली, ती याच हिशेबाने. अँड्रॉइडवर नऊ ठिपक्यांची आकृती काढून कुलूप उघडता येते. तशा आकृत्या ३,८९,११२ होतात. म्हणजे संख्येने चार आकडी पिनपेक्षा पुष्कळ अधिक.

परंतु हे गणित एका गृहीतकावर उभे आहे : पिन यदृच्छेने निवडलेला असला पाहिजे. प्रत्यक्षात माणसे १२३४, ०००० किंवा जन्मवर्ष निवडतात, आणि फोन हाती लागलेला माणूस प्रथम तेच करून पाहतो. ठिपक्यांच्या आकृतीची आणखी एक दुबळी बाजू आहे. बोटाच्या तेलकट खुणा काचेवर राहतात आणि योग्य प्रकाशात त्यांवरून आकृती ओळखता येते, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवून दिले.

चुकीच्या प्रयत्नांनंतर माहिती पुसली जाण्याची अट ऐकली की घरात लहान मूल असलेल्यांच्या पोटात गोळा येतो. फोन तयार करणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. आयफोनमध्ये काही चुकांनंतर पुढचा प्रयत्न एक मिनिटाने, मग पाच, पंधरा मिनिटांनी, मग तासाभराने करता येतो. मुलाचा खेळ तेवढा वेळ टिकत नाही. तरीही छायाचित्रांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय.

ताठर नियम आणि माणसाचा स्वभाव

पासवर्डची सक्ती करणाऱ्यांनी एक इतिहास अवश्य अभ्यासावा. संगणकाला पासवर्ड प्रथम आला तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, १९६० च्या दशकाच्या आरंभी, फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या सामायिक संगणकप्रणालीत. तेथेही १९६२ मध्ये एका संशोधक विद्यार्थ्याने सर्वांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली. वाट्याला आलेला संगणकाचा वेळ त्याला अपुरा पडत होता! नियमाने कामाची अडवणूक होऊ लागली की हुशार माणूसच प्रथम पळवाट शोधतो, हे तेव्हापासून दिसत आले आहे.

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या वतीने बिल बर यांनी पासवर्डविषयी मार्गदर्शिका लिहिली. मोठे अक्षर, आकडा, चिन्ह यांची सरमिसळ आणि ठरावीक मुदतीने बदल, हा प्रघात त्या मार्गदर्शिकेमुळे जगभर रूढ झाला. परिणाम काय झाला? लोकांनी शेवटी एक आकडा जोडला आणि दर खेपेस तो एकाने वाढवला, किंवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला. २०१७ मध्ये त्याच संस्थेने नवी मार्गदर्शिका काढली. फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय पासवर्ड मुदतीने बदलायला लावू नये, चिन्हांच्या सरमिसळीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावे, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी बर यांनी आपल्या जुन्या सल्ल्यातील बऱ्याच भागाबद्दल खेद व्यक्त केला.

फोनच्या बाबतीतही हेच लागू पडते. दिवसातून पन्नास वेळा उघडायच्या वस्तूवर बारा अक्षरी, दर महिन्याला बदलणारा पासवर्ड लादला तर माणूस फोन झोपूच न देण्याची युक्ती शोधील. सहा आकडी पिन आणि जोडीला बोटाचा ठसा किंवा चेहरा ही योजना त्या मानाने व्यवहार्य आहे. ठसा आला म्हणून पिन निकामी होत नाही; फोन बंद करून सुरू केल्यावर तो पिनच मागतो, आणि दीर्घ काळ पिन दिला नसेल तर अधूनमधूनही मागतो. ठसा ही पिनची सोय आहे, पर्याय नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. फोन ही वस्तू एकाची असली तरी पुष्कळ घरांत तो सर्वांचा असतो. आजी त्यावर भजन ऐकते, मुलगा गृहपाठ पाहतो, पाहुणा आलेला मामा क्रिकेटचा स्कोअर बघतो. कुलूप लागले की घरात पिन सांगावा लागतो, आणि सर्वांना ठाऊक असलेला पिन कार्यालयाच्या दृष्टीने असून नसल्यासारखाच. अशा घरात कार्यालयाचा ईमेल त्या फोनवर न घेता वेगळ्या उपकरणावर घेणे, किंवा ईमेलच्या ॲपला स्वतंत्र कुलूप लावणे, हा सरळ मार्ग आहे.

दुसरी किल्ली कोणाकडे?

बँकेतील लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो. एक ग्राहकाची, दुसरी बँकेची. बँकेची किल्ली आधी फिरल्याशिवाय ग्राहकाची चालत नाही आणि ग्राहकाच्या किल्लीवाचून बँकेच्या किल्लीचा काही उपयोग नाही. दोघांच्या विश्वासाचा तोल त्या रचनेतच साधलेला आहे.

जुन्या पद्धतीच्या ईमेल धोरणात असा तोल नाही. तेथे दुसऱ्या किल्लीचा धारक एकटाच लॉकर रिकामा करू शकतो. फोन हरवला असेल तर ही शक्ती वरदान ठरते. पण नोकरी सोडल्यावर, किंवा तंत्रविभागातील कोणी चुकीच्या नावापुढे खूण केल्यावर, मुलाच्या बारशाची छायाचित्रे आणि दिवंगत आईचा आवाज यांना कार्यालयाच्या पत्रांपासून वेगळे ओळखण्याची क्षमता त्या आज्ञेत नसते. अमेरिकेतील टेक्सस राज्यात एका कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यानंतर त्याचा स्वतःचा फोन कंपनीने दुरून पुसला आणि त्याची खासगी माहितीही नष्ट झाली. तो न्यायालयात गेला. त्याने ज्या संघराज्यीय कायद्यांचा आधार घेतला होता, त्यांत असे नुकसान बसत नाही, असे म्हणून २०१४ मध्ये न्यायालयाने ते दावे फेटाळले. 'सक्रिय करा' हे बटण दाबण्यापूर्वी यादी वाचावी, असे म्हणतात ते याचसाठी.

दुसऱ्या किल्लीचे महत्त्व उलट बाजूनेही दिसून आले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या गोळीबारात १४ जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोरांपैकी एक जण तेथील काउंटीच्या आरोग्य विभागात नोकरीला होता आणि त्याच्याकडे सापडलेला आयफोन त्या काउंटीच्या मालकीचा होता. फोन दुरून हाताळण्याच्या व्यवस्थेसाठी काउंटीने पैसे मोजले होते. परंतु ती त्या फोनवर बसवलेलीच नव्हती. बसवली असती तर मालक या नात्याने काउंटीला तो उघडून देता आला असता. ते न झाल्याने तपास यंत्रणा आणि ॲपल यांच्यात फेब्रुवारी २०१६ मध्ये मोठा न्यायालयीन झगडा उभा राहिला आणि यंत्रणेने अन्य मार्गाने फोन उघडल्यावर मार्चअखेर तो थांबला. संस्थेच्या फोनवर नियम असणे आणि व्यक्तीच्या फोनवर ते असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या ठिकाणी ढिलाई महागात पडते, तर दुसऱ्या ठिकाणी अतिरेक.

एका फोनमध्ये दोन बिऱ्हाडे

सुदैवाने तंत्रज्ञानाने यावर तोडगा काढला आहे. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून 'वर्क प्रोफाइल' ही सोय आली. एकाच फोनमध्ये कार्यालयाचे आणि घरचे अशी दोन बिऱ्हाडे वेगळी राहतात. कार्यालयाच्या ॲपवर छोट्या पेटीची खूण असते. नियम त्या बिऱ्हाडापुरते. पुसायची वेळ आली तर पुसले जाते तेही तेवढेच. २०१६ च्या आवृत्तीपासून त्या कप्प्याला स्वतंत्र पिनही ठेवता येतो. संध्याकाळी किंवा रजेच्या दिवशी कप्पाच बंद करून ठेवता येतो, हा आणखी एक लाभ. आयफोनमध्येही २०१९ पासून खासगी फोनसाठी मर्यादित अधिकारांची नोंदणी उपलब्ध आहे. जुन्या पद्धतीचे पासवर्डविषयक अधिकार गूगलने अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांतून काढून घेतले आहेत. मायक्रोसॉफ्टचे आउटलुक ॲप वापरल्यास दुरून पुसण्याची आज्ञा त्या ॲपमधील माहितीपुरतीच चालते, आणि संस्थेची इच्छा असल्यास केवळ त्या ॲपला पिन ठेवता येतो.

तेव्हा कर्मचाऱ्याने कार्यालयाला विचारायचा प्रश्न 'कुलूप का?' हा नव्हे. 'हे कुलूप माझ्या संपूर्ण फोनला आहे की तुमच्या कप्प्याला? आणि मी नोकरी सोडल्यावर तुम्ही काय पुसणार?' हे विचारणे अधिक उपयुक्त. शक्य तर उत्तर लेखी घ्यावे. फोन पूर्णपणे कार्यालयाच्या ताब्यात द्यावा, असा आग्रह असेल तर कार्यालयाने फोनही स्वतःचा द्यावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

छोट्या व्यावसायिकांसाठी

हा विषय मोठ्या कंपन्यांचाच आहे, असे समजण्याचे कारण नाही. सहा माणसांचे सनदी लेखापालाचे कार्यालय, दोन डॉक्टरांचे रुग्णालय, वाहतूक व्यावसायिक, शिकवणी वर्ग या सर्वांकडे लोकांची माहिती असते आणि ती कर्मचाऱ्यांच्या फोनवर जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षा उपाय योजण्याचे कर्तव्य टाकले असून त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येण्याची योजना आहे. नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याच्या विद्याचा वापर हा कायदा काही मर्यादेत मान्य करतो. मालकाचे हात त्यामुळे काहीसे मोकळे असले, तरी कर्मचाऱ्याचा विश्वास हवा असेल तर नियम आधी समजावून सांगणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

अशा व्यावसायिकाने किमान चार गोष्टी कराव्यात. सहा आकडी पिन आणि पाच मिनिटांत बंद होणारा पडदा ही अट ठेवावी. शक्य तेथे वेगळा कप्पा वापरावा. फोन हरवल्यास कोणाला, किती वेळात कळवायचे ते ठरवावे. आणि कर्मचारी नोकरी सोडेल त्या दिवशी त्याच्यासमक्ष कार्यालयाचे खाते फोनवरून काढावे. खाते काढल्यावर त्याबरोबर आलेले कुलपाचे नियमही निघून जातात.

कुलूप जेथे पुरत नाही

पडद्याचे कुलूप सिमकार्डाला संरक्षण देत नाही. चोराने कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की त्यावर येणारे ओटीपी त्याला मिळू लागतात. यासाठी सिमकार्डाचा स्वतंत्र पिन असतो. तो सुरू करून घ्यावा. तसेच कुलूप लावलेल्या पडद्यावरही संदेशाचा मजकूर दिसत असेल तर ओटीपी वाचायला पिनची गरज उरत नाही. सूचनांमधील मजकूर लपवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. फोनचा पिन, बँकेच्या ॲपचा पिन आणि यूपीआय पिन हे तीन वेगळे असावेत. २०२५ पासून यूपीआय व्यवहारांत बोटाच्या ठशाची किंवा चेहऱ्याची मुभा मिळू लागली आहे; त्यामुळे आपल्या फोनमध्ये दुसऱ्या कोणाचा ठसा नोंदवून ठेवणे आता पूर्वीपेक्षा अधिक जोखमीचे आहे.

कुलूपबंद फोनवरूनही ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावता येतो. पडद्यावर एखाद्या आप्ताचा क्रमांक किंवा रक्तगट दिसेल अशी व्यवस्थाही करता येते; ती अवश्य करावी. कुटुंबातील व्यक्तीचे आकस्मिक निधन झाले आणि फोन उघडता येईना, असे प्रसंग येतात. त्यावर उपाय पिन सर्वांना सांगून ठेवणे हा नाही. खात्यांना नामनिर्देशन करून ठेवले असेल तर वारसांना फोनवर अवलंबून राहावे लागत नाही.

फोन हरवल्यास

• दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला कळवून सिमकार्ड बंद करावे.

• बँकेला तत्काळ कळवून मोबाइल बँकिंग, यूपीआय आणि कार्डे थांबवावीत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी तक्रार किती लवकर केली यावर ठरवली. त्यानुसार तीन कामकाजाच्या दिवसांचा पहिला टप्पा महत्त्वाचा आहे.

• कार्यालयाच्या तंत्रविभागाला कळवावे. दुरून पुसण्याची सोय त्या दिवशी उपयोगाची असते. 'सापडेल' म्हणून दोन दिवस थांबल्यास ती निरुपयोगी ठरू शकते.

• पोलिसांत तक्रार नोंदवून तिच्या प्रतीच्या आधारे केंद्र सरकारच्या संचार साथी या पोर्टलवर फोन अडवण्याची विनंती करावी. त्यासाठी लागणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक *#०६# दाबून आजच पाहावा आणि फोनबाहेर, वहीत, लिहून ठेवावा.

• पैसे गेल्याचे आढळल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब संपर्क साधावा.

कार्यालयाने लावलेले कुलूप सुरुवातीला जाच वाटते. काही आठवड्यांत बोटांना त्याची सवय होते आणि एखाद्या गर्दीच्या फलाटावर खिसा रिकामा लागला, तर त्या सहा आकड्यांनी काय वाचवले ते कळते. त्या कुलपाची किल्ली आणखी कोणाकडे आहे आणि ती किती दूरपर्यंत चालते, एवढे मात्र प्रत्येकाने आपल्या कार्यालयाला आजच विचारून घ्यावे.